मे महिन्यातली कोकणातली वाडी : पशुपक्ष्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे उजाडला की गावातली बंद घरं उघडतात. चाकरमानी येतात, त्यांच्याबरोबर पहिल्यांदाच कोकण बघणारे पाहुणे येतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी प्रश्न सुरू होतात. रात्री कौलांवर कोण धावत होतं? तो सारखा ओरडणारा पक्षी कुठला? न्हाणीत बेडूक कसा आला? प्रश्न दरवर्षी तेच असल्यामुळे उत्तरं एकदाची लिहून काढली आहेत. हे सगळं खालाटीतल्या, म्हणजे किनाऱ्याकडच्या सखल भागातल्या, साध्या घराला धरून आहे. पुढे खळं म्हणजे अंगण, मागे माडा-पोफळीचं लहानसं आगर, बाजूला हापूसची आणि काजूची कलमं, सभोवती जांभ्या दगडाचा गडगा असं घर डोळ्यांसमोर ठेवा.

एवढ्या उन्हात बघण्यासारखं काय असणार? निसर्ग बघायचा तर पावसाळ्यातच यायला हवं ना?

पावसाळ्यात हिरवळ दिसते. प्राणी-पक्षी दिसतात ते एप्रिल-मेमध्ये. कारणं दोन. पहिलं पाणी. सड्यावरची, म्हणजे कातळाच्या पठारावरची, डबकी आटलेली असतात, पऱ्ये म्हणजे ओहोळ कोरडे पडलेले असतात, त्यामुळे ओलाव्याची जागा म्हणजे विहिरीचा काठ, शिंपण चालू असलेलं आगर आणि न्हाणीचं सांडपाणी. पंचक्रोशीत पसरलेला जीव तुमच्या मागच्या दारी गोळा होतो. दुसरं कारण फळं. करवंदं, जांभळं, काजूचे बोंडू, रातांबे, फणस, आंबे, उंबरं सगळं याच दोन महिन्यांत पिकतं. शिवाय बऱ्याच पक्ष्यांचा विणीचा हंगाम हाच असल्यामुळे नर गात असतात आणि लपूनछपून राहायला त्यांना सवड नसते.

बसायचं कुठे आणि किती वाजता?

सूर्य सहाच्या सुमाराला उगवतो. त्याआधी पंधरा मिनिटं बाहेर या आणि साडेआठपर्यंत बसा. मग थेट संध्याकाळी पाचनंतर. मधल्या वेळात पक्षीही सावलीला असतात, तुम्हीही झोपाळ्यावर असा.

जागा म्हणाल तर माझं मत ठाम आहे: न्हाणीची मागची बाजू. लोक समुद्राकाठी जातात, डोंगरावर चढतात, आणि घरामागे केळी-अळूच्या बुडाशी जो ओला पट्टा असतो तिकडे कुणी बघत नाही. न्हाणीचं पाणी जिथे जिरतं तिथे दिवसभर कुणीतरी येतंच. सकाळी दयाळ आणि बुलबुल अंघोळीला, अकराच्या सुमाराला मुंगूस, दुपारी मधमाश्या आणि गांधीलमाश्या. फुलपाखरं चिखलावर सोंड टेकवून निपचित बसलेली दिसतात, ती मातीतले क्षार शोषत असतात. जाणकार याला चिखलपान म्हणतात आणि असं बसणारे बहुतेक नर असतात. पंधरा-वीस पावलांवर खुर्ची टाका, भडक कपडे नकोत, आणि पहिली दहा मिनिटं मोबाइल खिशातच राहू द्या. तुम्ही बसलात की आधी सगळं गप्प होतं. नंतर तुमच्याकडे दुर्लक्ष होतं. खरी मजा त्या दुर्लक्षानंतर सुरू होते.

पक्ष्यांसाठी पाणी ठेवायचं आहे. कसं ठेवू?

मातीची पसरट परात किंवा नारळाची करवंटी घ्या. दोन बोटं खोल पाणी पुरे. त्याहून खोल भांडं असेल तर मध्ये एक दगड टाका, म्हणजे मधमाश्या आणि लहान पक्षी बुडत नाहीत. भांडं सावलीत ठेवा, पण झुडपाला चिकटून नको, मांजर तिथेच दबा धरून बसतं. पाणी रोज ओतून भांडं घासायचं. डासाच्या अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात, रोज पाणी बदललं तर तो प्रश्नच येत नाही. एक भांडं जमिनीवरही ठेवा. मुंगूस, सरडे आणि साळुंक्या खालचंच पसंत करतात.

खायला काय घालावं?

काही नाही. मे महिन्यात वाडीत खाणं भरपूर असतं. पाव, फरसाण, शिळा भात घातलात तर कावळे आणि उंदीर वाढतील, उंदरांमागून साप येतील. त्यापेक्षा आंबे उतरवताना शेंड्याकडचे चार-पाच झाडावर राहू द्या. जुनी माणसं ते ठेवायचीच, आता आंबे काढायच्या नूतन झेल्यानं शेवटचा आंबाही निघतो.

पहाटे साडेचारपासून कोण ओरडतं? झोप लागत नाही.

एकटा कुणी नसतो, पाळ्या असतात.

सगळ्यात आधी बहुधा दयाळ. काळा-पांढरा, शेपटी वर उचलून बसणारा. वर्षातले सात-आठ महिने तो जवळजवळ मुका असतो आणि मार्चपासून माडाच्या झावळीच्या टोकावर किंवा विजेच्या तारेवर बसून एकसारखा गातो. गाणं सुरेल, दर वेळी थोडं वेगळं. याच्यामुळे झोपमोड झाली तर तक्रार करू नये.

‘कुहू कुहू’ करणारा कोकीळ म्हणजे काळाभोर, लाल डोळ्यांचा नर. मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके, तिचा आवाज ‘किक-किक-किक’ असा घाईचा. कावळ्यांची घरटी याच दिवसांत होतात आणि कोकिळेची अंडी त्यांत पडतात. मे अखेरीला आंब्यावर कावळीण आपल्याहून वेगळ्याच पिल्लाला भरवताना दिसली तर ते कोकिळेचं. कावळे एखाद्या काळ्या पक्ष्यामागे जिवाच्या आकांताने लागलेले दिसले तर तो कोकीळ समजा.

आवाज चढत चढत जातो, आता गळा फाटेल असं वाटतं आणि एकदम थांबतो, तो पावशा. आपल्याकडे त्याला ‘पेर्ते व्हा, पेर्ते व्हा’ असं ऐकतात. चांदणं असेल तर रात्रीही ओरडतो. हा सातभाईंच्या घरट्यात अंडी घालतो. पातेऱ्यात, म्हणजे पाचोळ्यात, कचकच करत फिरणारी सात-आठ मळकट पक्ष्यांची टोळी असते ना, तेच सातभाई. त्यांच्यामागे एखादं मोठं, पट्टेरी शेपटीचं पिल्लू खाण्यासाठी किरकिरत जाताना दिसलं तर पावशाचा डाव साधला.

उन्हं चढली की ‘टुक-टुक-टुक’ असा ठोका सुरू होतो, मिनिटांमागून मिनिटं, एकाच लयीत. तो तांबट. कान आवाजाकडे नेतात आणि पक्षी भलतीकडेच असतो, कारण ओरडताना तो डोकं या बाजूकडून त्या बाजूला वळवतो. वाळक्या फांदीच्या खालच्या अंगाला रुपयाएवढं गोल भोक दिसलं तर तिथे नजर ठेवा, घरटं तेच.

आणि बांबूच्या बेटातून ‘हूप-हूप-हूप’ असा घुमणारा आवाज भारद्वाजाचा. कुणी त्याला कुकुडकोंबा म्हणतात, कुणी सोनकावळा. काळं अंग, विटकरी पंख, लालबुंद डोळे. तो दिसणं शुभ मानतात. गोगलगायी, मोठे किडे, सरडे, लहान साप, दुसऱ्यांची अंडी असं सगळं तो खातो. शुभ असो वा नसो, गोगलगायी खाणारा पाहुणा आगरात हवाच.

शेवटच्या आठवड्यात झाडीतून दोन स्वरांची स्पष्ट शीळ आली, विशेषतः पहाटे किंवा तिन्हीसांजेला, तर बाहेर धावा. दक्षिणेकडून परतलेला नवरंग असेल. हिरवा, निळा, पिवळट, पोटाखाली लाल, आणि एवढे रंग अंगावर घेऊन पाचोळ्यात चालतो तरी दिसत नाही.

आवाजावरून पक्षी सांगणारं अ‍ॅप वापरलं तर चालेल का?

जरूर. ‘मर्लिन’ फुकट आहे आणि आपल्याकडचे नेहमीचे पक्षी बरे ओळखतं. फक्त त्यातला आवाज मोठ्यानं वाजवून पक्ष्याला बोलवू नका. विणीच्या दिवसांत नराला वाटतं दुसरा नर हद्दीत शिरला, आणि तो पिल्लांना भरवायचं सोडून तुमच्या फोनशी भांडायला येतो.

ओटीवरच्या वायरला घरटं लटकलंय. काढून टाकू?

मुळीच नको. वायरला, कपड्यांच्या दोरीला किंवा कुंडीतल्या डहाळीला लोंबणारी, कचरा अडकल्यासारखी दिसणारी थैली बहुधा शिंजीराची असते. जवळून बघा, पण हात न लावता: कोळ्याच्या जाळ्याच्या धाग्यांनी गवत, सालीचे तुकडे आणि अळ्यांची विष्ठा चिकटवलेली असते, एका कडेला तोंड आणि त्यावर छोटी पडवीसुद्धा असते. आत सावरीचा कापूस. बांधकाम मादी करते, नर भोवती मिरवतो. कोळ्याची जळमटं झाडून टाकलेल्या घरात शिंजीराला सुतळी मिळत नाही, म्हणून ओटीचा एक कोपरा झाडू नका.

घरटं बांधायला घेतल्यापासून पिल्लं उडेपर्यंत चार-पाच आठवडे लागतात. कुंडीत बुलबुलाचं असेल तर त्याहून लवकर मोकळं होतं. तेवढे दिवस तो दिवा लावू नका आणि कपडे दुसरीकडे वाळत घाला. फोटो काढायचा तर लांबून, फ्लॅश न मारता, आणि पानं बाजूला सारून नको. तुम्ही सारलेल्या पानांतून कावळाही बघतो.

पिल्लू खाली पडलंय. काय करू?

आधी पंख बघा. पिसं आलेली असतील, फुदकत असेल, तर ते पडलेलं नाही, उडायला शिकतंय. मांजर-कुत्रं आवरा, पिल्लाला जवळच्या झुडपात उंचावर ठेवा आणि निघून जा. आईबाप भरवायला येतात, तुम्ही उभे असाल तर येत नाहीत. पिसं नसलेलं उघडं पिल्लू असेल आणि घरटं दिसत असेल तर हळूच उचलून परत ठेवा. माणसाचा वास लागला की पक्षीण टाकते ही समजूत खोटी आहे. दूध, पाणी, भात तोंडात घालू नका, पिल्लू गुदमरतं.

रात्री कौलांवर कोण धावतं? आईने सांगितलं, भूत आहे.

उदमांजर. आमच्याकडे कांडेचोर म्हणतात. मांजराहून लांबुडकं, करडं-काळं, लांब शेपटीचं, झाडावर चढण्यात पटाईत. दिवसा माडाच्या शेंड्यात, पोकळ झाडात किंवा तुमच्याच माळ्यावर झोपतं आणि अंधार पडला की वाशांवरून, कौलांवरून, तिथून फणसावर असं फिरतं. नेमानं एकाच वाटेनं जातं, म्हणून रोज रात्री त्याच वेळी त्याच कौलाचा आवाज येतो आणि भुताला पुरावा मिळतो.

खात्री करायची असेल तर सकाळी गडग्यावर किंवा विहिरीच्या कठड्यावर बघा. आख्ख्या बिया असलेली विष्ठा दिसेल, करवंदाच्या, जांभळाच्या, कधी भेरली माडाच्या. गर पचतो, बी तशीच बाहेर पडते. गडग्याच्या कडेला कुणी न लावलेली जी जांभळीची रोपं उगवतात त्यांतली बरीच या चोरानं पेरलेली असतात. याला माडीही आवडते, माडावर बांधलेल्या मडक्यात तोंड घालतं. कोंबड्यांचं खुराडं मात्र घट्ट लावून घ्या, तिथे ते गय करत नाही.

माळ्यावर राहायला आलं असेल तर पिल्लं नाहीत ना हे पाहून, ते रात्री बाहेर गेल्यावर फट बंद करा. विष घालणं, फासे लावणं हा गुन्हा आहे.

वटवाघळांनी अर्धवट खाल्लेला आंबा चांगला असतो म्हणतात. खावा का?

नाही. गोड आंबा त्यांना बरोबर कळतो हे खरं, पण उष्टा आंबा टाकून द्यायचा. मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरजवळच्या गुहेतल्या वटवाघळांचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने तपासले आणि त्यांत निपाह विषाणूच्या संसर्गाच्या खुणा सापडल्याचं २०२१ मध्ये जाहीर झालं. याचा अर्थ वटवाघळं हाकलायची असा नाही. उष्टी फळं खाऊ नयेत आणि खाली पडलेलं फळ धुऊन, नीट बघून घ्यावं, एवढंच.

एरवी वटवाघळांचे उपकार मोठे आहेत. उंडी, बेहडा, जांभूळ, काजू यांच्या बिया ती लांबवर नेऊन टाकतात. ज्या झाडावर बसून ती खातात त्याच्या खाली काजूबिया वेचायला लोक जातात, फुकटची तोडणी. लहान, किडे खाणारी वटवाघळं संध्याकाळी खळ्यावर गिरक्या घेतात, तेव्हा ती तुमचेच डास खात असतात.

कलमावर लाल मुंग्यांची घरटी आहेत. औषध मारू?

ओंबील म्हणा, हुमले म्हणा, चावतात जबरदस्त, आंबे काढणाऱ्या गड्याला विचारा. पण मारण्याआधी एकदा घरटं बनताना बघा. दहा-वीस मुंग्या एका पानाची कड जबड्यात धरतात, मागच्या पायांनी दुसऱ्या पानाला घट्ट पकडतात आणि दोन पानं जवळ ओढतात. अंतर जास्त असेल तर एकमेकींची कंबर धरून साखळी करतात. मग दुसऱ्या मुंग्या घरातल्या अळ्या तोंडात धरून आणतात. अळीच्या तोंडातून रेशमाचा धागा निघतो. तिला या पानाला टेकवायची, त्या पानाला टेकवायची, पुन्हा या पानाला. शिवण पक्की होते.

या मुंग्या कलमावरच्या कितीतरी अळ्या आणि किडे उचलून नेतात. उलट, गोड रसासाठी पिठ्या ढेकूण आणि मावा सांभाळतात हेही खरं. म्हणून सगळी घरटी उडवू नका. तोडणीच्या झाडावरची, हाताशी येणारी काढा, बाकीची असू द्या.

साप निघतात का? खरं सांगा.

निघतात. गडगा आहे, उंदीर आहेत, पाणी आहे, मग साप का नसावेत. बहुतेक वेळा दिसते ती धामण, लांब, पिवळट-तपकिरी, चपळ आणि पूर्ण बिनविषारी. एक धामण वाडीत असली की उंदरांचं मार्गी लागतं. ती म्हशीच्या नाकात शेपूट घालते, गाईचं दूध पिते वगैरे ऐकाल, त्यात काही तथ्य नाही. हिरवीगार, बारीक हरणटोळ डोळे फोडत नाही. तिचं विष सौम्य असतं आणि ते सरड्या-पालींसाठी असतं.

सांभाळायचं ते चौघांपासून: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. रत्नागिरीच्या कातळांवर फुरशांचं प्रमाण पूर्वीपासून मोठं आहे. वीतभर-हातभर लांबीचं, अंगावर अंग घासून करवतीसारखा आवाज करतं आणि कातळाच्या रंगात मिसळून जातं. मण्यार रात्रीची हिंडते. ती चावल्याचं कधी कधी कळतही नाही, खुणाही नीट दिसत नाहीत, आणि मे महिन्यात आपण खळ्यात चटई टाकून झोपतो. खाटेवर झोपा, मच्छरदाणी गादीखाली खोचा. रात्री बाहेर जाताना बॅटरी, पायात बूट. लाकडाच्या ढिगात, चिऱ्यांच्या फटीत, पातेऱ्यात सरळ हात घालू नका.

चावलाच तर दोरी आवळायची नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, मांत्रिकाकडे जायचं नाही. चावलेला हात किंवा पाय न हलवता, १०८ ला फोन करून किंवा मिळेल त्या गाडीनं सर्पदंशाची लस असलेल्या सरकारी रुग्णालयात. वरच्या चारही सापांवर एकच लस चालते, त्यामुळे साप मारून बरोबर नेण्यात वेळ घालवू नका.

घरात शिरलेला साप पकडायला सर्पमित्राला किंवा वनखात्याला बोलवा. परसात दिसलेल्याला मात्र जाऊ द्या. त्याला घाई असते.

काल नाग आणि धामण जुगताना बघितले. त्यावर पांढरं फडकं टाकतात ना?

तुम्ही जे पाहिलंत त्या दोन धामणी होत्या, आणि दोन्ही नर. नागाचं आणि धामणीचं जुळत नाही. विणीच्या काळात दोन नर एकमेकांना पीळ घालून अर्धं अंग वर उचलतात आणि दुसऱ्याचं डोकं जमिनीला टेकवायचा प्रयत्न करतात. जो दमतो तो निघून जातो. चावाचावी जवळजवळ नसते. हा खेळ बराच वेळ चालतो आणि दोघं इतके रंगलेले असतात की पाच-सात मीटरवरून आरामात बघता येतं. फडकं घरीच ठेवा.

आणि विंचू?

मोठा काळा दिसतो भयंकर, पण भीती लहान लालसर विंचवाची. कोकणात त्याच्या दंशानं पूर्वी माणसं, विशेषतः लहान मुलं, दगावत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि चित्र पालटलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. दंशानंतर दरदरून घाम, उलटी, हातपाय गार पडणं, छातीत धडधड यांतलं काही दिसलं तर उतारा वगैरे न करता दवाखाना गाठा. चपला झटकून घाला, न्हाणीजवळच्या जळाऊ लाकडांना जपून हात लावा. आणि मुलांना गंमत दाखवायची असेल तर अतिनील किरणांची छोटी बॅटरी आणा. अंधारात गडग्यावर प्रकाश टाकला की विंचू हिरवा-निळा चमकतो. लांबूनच.

न्हाणीत बेडूक येतो, मुलं किंचाळतात.

तो झाडबेडूक. बाहेर कोरडं झालं की गारव्याला येतो, हंड्यामागे किंवा पायपाच्या वळणावर चिकटून बसतो. काहीही करत नाही. साबणाचं पाणी त्याच्या अंगावर उडवू नका.

वानरं-माकडं अंगणात येतात. बिस्किटं दिली तर फोटो छान येतो.

फोटो तुमचा, नुकसान शेजाऱ्याचं. हाताला सवय झालेलं माकड तुम्ही गेल्यावर घरात शिरतं, भांडी पाडतं, कौलं फोडतं. नारळ, केळी, आंबे यांचं जे नुकसान इथले शेतकरी दरवर्षी सोसतात त्यात भर घालू नका. दुरून बघायला वानरांचा कळप सुंदरच असतो. काळ्या तोंडाची वानरं पिल्लाला आळीपाळीनं सांभाळतात, त्यासाठी दुर्बीण वापरा.

सिंधुदुर्गात, विशेषतः दोडामार्ग-बांदा भागात असाल तर आणखी एक काळजी. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलात सापडलेला माकडताप २०१६ च्या सुमाराला इकडे पसरला. तो गोचिडीमुळे होतो आणि त्याचा हंगाम हिवाळ्यापासून उन्हाळा संपेपर्यंत असतो. जंगलात किंवा काजूच्या बागेत जाताना पूर्ण कपडे घाला, आल्यावर गरम पाण्यानं अंघोळ करा. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवा.

धनेश आणि शेकरू घराजवळ दिसतील का?

जवळ देवराई किंवा जुने वड-उंबर असतील तर दिसतील. मार्च ते जून धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते. विष्ठा आणि मातीनं तोंड लिंपते, फक्त चोच जाईल एवढी फट ठेवते आणि नर दिवसभर उंबरं-फळं आणून त्या फटीतून भरवतो. त्यामुळे ढोलीखाली गर्दी करणं म्हणजे आतल्यांचं जेवण बंद करणं. फळलेल्या वडापाशी बसा, तिथे तो येतोच. पंखांचा आवाज आधी ऐकू येतो.

शेकरू हा राज्यप्राणी, पण माड-पोफळवाल्या शेतकऱ्यासमोर त्याचं कौतुक जरा बेतानं करा.

काजवे बघायला भंडारदऱ्यालाच जावं लागतं का?

अजिबात नाही. तिथे हिरडा-सादड्याच्या आख्ख्या झाडांवर हजारो काजवे एका तालात उघडझाप करतात, ते दृश्य वेगळंच. पण मेच्या शेवटच्या आठवड्यापासून मोठा पाऊस लागेपर्यंत कोकणातल्या पऱ्ह्यांच्या कडेलाही काजवे असतात. दिसत नसतील तर बहुधा खळ्यातला फ्लडलाइट कारण आहे. नर आणि मादी उजेडाच्या खुणांनी एकमेकांना शोधतात, आपल्या दिव्यात त्या खुणा बुडतात. रात्री आठनंतर बाहेरचे दिवे मालवा, पंधरा मिनिटं डोळ्यांना सवय होऊ द्या. पकडून बाटलीत भरू नका, फ्लॅश मारू नका. काजव्याच्या अळ्या गोगलगायी खातात, म्हणजे आगरवाल्याला तेही उपयोगाचे.

वाडी साफ करून घेऊ का? पातेरा फार साचलाय.

हा प्रश्न सर्वात जास्त विचारला जातो आणि माझं उत्तर कुणाला आवडत नाही. वर्षातून पंधरा दिवस येणाऱ्या माणसाला वाडी ‘साफ’ हवी असते. गडी लावून झाडोरा तोडतात, पातेरा गोळा करून पेटवतात, कडेच्या करवंदीच्या जाळ्या काढतात आणि मग विचारतात, पूर्वी इतके पक्षी होते, गेले कुठे? रातवा अंडी उघड्या जमिनीवर, पाचोळ्यात घालतो. सातभाईंचं आणि नवरंगाचं खाणं पाचोळ्याखाली असतं. करवंदीच्या जाळीत बुलबुल, मुंगूस, घोरपड सगळे राहतात.

घराभोवतीची पाच-सात पावलं, वाट आणि न्हाणीचं दार एवढं लख्ख ठेवा, सापाच्या दृष्टीनंही ते बरं. उरलेला पातेरा माडांच्या आळ्यांत टाका, ओल टिकते आणि खत होतं. पेटवणं टाळाच. सड्यावरचं गवत मेमध्ये इतकं वाळलेलं असतं की एका ठिणगीनं वणवा कलमांपर्यंत येतो. आणि आंब्यांवर किंवा कुंपणाला नायलॉनची जुनी जाळी लावलेली असेल तर रोज बघा. धामणी आणि पक्षी त्यात अडकून तडफडून मरतात. काम झालं की जाळी काढून ठेवा.

बिबट्या येतो म्हणतात. मुलांना बाहेर सोडावं का?

येतो, मुख्यतः कुत्र्यांसाठी. तिन्हीसांजेनंतर मुलं एकटी लांब नकोत, कुत्रा आत बांधा, उष्टं-खरकटं उघड्यावर टाकू नका. दिसलाच तर पाठलाग नको, घोळका नको. वनखात्याची हेल्पलाइन १९२६.

पोपटाचं पिल्लू मिळालं तर पाळता येईल?

नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं मनाई आहे.

आम्ही जूनच्या पहिल्या आठवड्यात मुंबईला परततो. निघण्यापूर्वी काय करायचं?

पाण्याची भांडी पालथी घाला, पाऊस पडल्यावर त्यांत डास होतात. कोरड्या हौदात आणि रिकाम्या टाकीत एक जाडसर फांदी तिरकी ठेवा, आत पडलेल्या सरड्याला-खारीला चढून येता येतं. विहिरीला कठडा नसेल तर शेजाऱ्यांना सांगून काठीचा अडसर करा, आणि एक जाड दोर आत सोडून ठेवा. माळा बंद करण्याआधी तिथे कांडेचोराची पिल्लं नाहीत ना ते बघा. ओटीवर शिंजीराची पिल्लं अजून असतील तर मेन स्विच बंद करा, पण वायर काढू नका. किल्ली शेजारी देताना तेवढं सांगा, ते लक्ष ठेवतात.